खैरटोल्याचा हिरवा दिवा

खापरी, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

दुरूनच पाया पडतो. तुले फोनवर ऐकू येत नाही, अन् मी जोरात ओरडलो की माझे रूमवाले समजतात भांडण सुरू झालं. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईनं मले वरून खालपर्यंत पाहिलं, जसं काही मी बैलगाडीनं आलो.

नोकरी लागली. हसू नको. मोबाइलच्या कव्हरची टपरी मी सोडली नव्हती, टपरीनंच मले सोडलं. ही विमानतळाजवळच्या मिहानमधली आहे, एसीतली. काम ऐकशील तर म्हणशील, याले पण कोणी पगार देते का गा? एका मोठ्या पडद्यावर वेबसाइटींची नावं असतात. दुकानं, शाळा, दवाखाने, कुठल्या कुठल्या. नावापुढं हिरवा ठिपका असला म्हणजे ती साइट ज्या यंत्रात ठेवली आहे ते जागं आहे, विचारलं तर उत्तर देते. ठिपका लाल झाला की उत्तर नाही. मंग मी इंजिनिअरले फोन करतो, "सर, अमकी गेली." दुरुस्त करणं माझं काम नाही. मी फक्त पाहतो. धानाच्या बांधीवर राखण बसल्यासारखं वाटते, फक्त बगळे नाहीत.

विमानं इथं इतकी खालून जातात की चाकाचे नट मोजावे. परवा जेवणाच्या सुट्टीत एका विमानाच्या मागं मागं चालत गेलो, कुठं टेकते ते पाहू म्हणून. तर कुंपण आलं, अन् सुट्टी कधीच संपली होती. आमच्या गार्गी मॅडम म्हणाल्या, "पियूष, तुझ्या नावापुढंही एक ठिपका लावावा लागेल."

हं, मुख्य गोष्ट राहूनच गेली. त्या यादीत सर्वात खाली मी सुशीलदादाची साइट टाकली. चोरून नाही, मॅडमले विचारून. मले वाटलं लालच येईन. दादाले घर सोडून दोन वर्षं झाले, अन् मामाजी पण वारले, आता कोठीतलं ते यंत्र कोण चालू ठेवते? तर हिरवी आली आत्या! मी खुर्चीवरून उठलोच. म्हणजे तू ठेवलं?

येत्या रविवारी येतो. पक्का.

तुझाच,
पियूष


खैरटोला, ता. कुही
२४ नोव्हेंबर

बाबू पियूष,

खुशाल राहा. तुझा रविवार आला अन् गेला. मी दोन मुठी तांदूळ जास्त टाकले होते. ते कुत्र्यानं खाल्ले. त्यानं नावं नाही ठेवली.

पोस्टमन इकडे बाजाराच्या दिवशीच फिरकते, म्हणून तुझं पत्र उशिरा भेटलं, रविवारच्या तोंडावर.

यंत्र मीच चालू केलं. तुझ्या मामाजीची तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी केलं. सुशील गेला तेव्हा तू त्या लग्नाच्या लायटिंगवाल्यासोबत भंडाऱ्याकडे फिरत होता, तुले अर्धंच माहीत आहे. ऐक. गावात कोणाकडे थ्रेशर आहे, कोणाकडे ताडपत्री, कोणाकडे लग्नाच्या स्वयंपाकाचे मोठे गंज, हे सारं त्यानं त्या साइटवर फोटोसहित टाकलं होतं. ज्याले पाहिजे त्यानं पाहावं अन् मागून न्यावं. म्हणे भाड्याच्या यंत्रात ठेवणार नाही, आपल्या गावाचं आपल्याच घरात राहीन. कोठीत धानाच्या पोत्याजवळ यंत्र बसवलं. अन् वरती भिंतीवर दिवाळीच्या माळेतला एक हिरवा दिवा जोडला. कोणी ते पान उघडलं की दिवा एकदा लागणार अन् विझणार. बापाले दाखवासाठी केलं होतं, की पाहा बाबा, लोक विचारतात.

पण ज्याले ताडपत्री पाहिजे तो भिंतीवरून हाक मारते गा. दिवा लागे ना. तुझे मामाजी रोज जेवताना त्याले विचारत, "लागला का दिवा? कोणी विचारते का तुले?" त्याइचा स्वभाव तुले माहीत आहे, मनात काही नसे, पण जिभेवर असे. एक दिवस तसंच म्हणाले, उठले, अन् जाऊन बटन बंद केलं. सुशीलनं ताट सरकवलं अन् गेला. कोणी म्हणते सुरतेले आहे, कोणी म्हणते पुण्याले. फोन बंद. बाप गेला हे पण त्याले कोणी सांगू शकलं नाही.

आता लिहिते ते कामिनीले सांगू नको. ती म्हणीन आई एकटी राहून वेडी झाली.

दिवा लागून राहिला.

कापणी सुरू होती तेव्हापासून. तुझं पत्र यायच्या आधीपासून. थोडा वेळ गेला की न चुकता लागते, विझते. पुन्हा थोडा वेळ गेला की लागते. गावातले तर तेव्हा सारे वावरात होते. मंग कोण असन? तू त्याच कामात आहेस, तूच सांग.

यायचं असलं तर सांगून येऊ नको. सांगितलं की तू येत नाही.

आत्या


खापरी, नागपूर
२ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र मी पोह्याच्या ठेल्यावर उभ्यानं वाचत होतो, तिथंच दगडावर बसलो. तर्री थंड झाली. ठेलेवाल्या भैयाजीनं विचारलं, "काहून गा, कोणी गेलं का?" मी म्हणलं, "नाही, कोणी तरी आहे."

दादाच आहे तो. दुसरं कोण?

एक डाव माझ्या मनात आलं, माझ्या यादीमुळं तर नाही? पण नाही. माझी यादी फक्त यंत्राले विचारते, जागा आहेस का? तेवढंच. पान उघडून पाहत नाही. दारावर टकटक केली म्हणजे घरात जाऊन चहा पिला असं होत नाही. अन् तुझा दिवा तर पान उघडलं तरच लागते. ताडपत्र्याचे फोटो रोज उठून कोण पाहीन? ज्यानं काढले तोच. दादाले सवयच होती ती. माझ्या सायकलचं पंक्चर काढून देलं तरी घडीघडी येऊन टायर अंगठ्यानं दाबून पाहे. मी चिडलो की म्हणे, "तू तुझं काम कर, मी माझं पाहून राहिलो."

तुले तिकडून हाक मारता येत नाही म्हणून तो घर चालू आहे का तेवढं पाहते. असंच असन.

त्या रविवारी मी खरंच निघालो होतो, तुझ्या कुत्र्याची शपथ. पण स्टँडजवळ एका संत्र्याच्या टेम्पोवाल्यानं विचारलं, काटोलले माल भराले हात लावतो का? मी आयुष्यात संत्र्याची मंडी आतून पाहिली नव्हती. आत्या, संत्र्याचे इतके मोठे ढीग की मधात उभं राहिलं तर माणसाचा आवाजच दबते. तिथला एक म्हातारा फळ हातात घेऊन सांगते हे कोणत्या गावचं. मी त्याले विचारलं, माणूस पाहून सांगता येते का? तो म्हणाला, तू कुठलाच नाही वाटत.

बरोबरच बोलला म्हणा. बाबाचा वर्धेवरून दिवाळीले पण फोन आला नाही. मी पण केला नाही. हे मी कुठं घेऊन बसलो. दादा विचारून राहिला, हे ऐकून लय बरं वाटलं, एवढंच लिहायचं होतं.

पियूष


खैरटोला
१२ डिसेंबर

बाबू,

तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. मी खाट कोठीत आणली. धानाचा वास येते, झोप चांगली लागते.

सकाळी दिवा लागला की मी म्हणते, उठला का? जेवताना लागला की म्हणते, तू जेवला का? तुझे मामाजी असते तर म्हणाले असते, पाहा आता बाई भिंतीशी बोलून राहिली. पण आपल्याले तर माणसाचं पण ऐकू येत नाही, मंग भिंत काय वाईट.

लाईन जाते तेव्हा मात्र जीव टांगल्यासारखा होते. लाईन आली की यंत्र आपसूक चालू होत नाही, त्याचं बटन दाबावं लागते. सुशील शिकवून नव्हता गेला, मी त्याले करताना पाहिलं होतं. म्हणून मी आता लांब कुठं जात नाही. परवा रुपरावच्या पोरीची हळद होती, तिथून पण लवकर परत आली.

एक काम कर. त्या पानावर एक ओळ टाकता येईन का? "बाबा गेले. आता बटन कोणी बंद करणार नाही." बस एवढंच. तो पान उघडन तर त्याले दिसन.

ओळी वाकड्या होऊन राहिल्या, पेन खराब आहे. तू अक्षर मोठं काढजो.

आत्या


खापरी, नागपूर
२६ डिसेंबर

आत्या,

अक्षर मोठं काढलं आहे. पेन खराब नाही, हे मले समजलं.

कामिनीताईचा इथल्याच हुडकेश्वरवरून फोन होता. एवढी रडली की मले पहिले वाटलं जावईबापूले काही झालं. म्हणे तुझा एक डोळा तर गेल्यातच जमा आहे अन् दुसऱ्यात मोतिबिंदू पिकला आहे. डॉक्टरनं सांगितलं, आता केलं तर दिसन, उशीर केला तर सांगता येत नाही. त्यानं संक्रांतीच्या आधीची तारीख देली होती, अन् तू नाही म्हणून पाठवलं. काहून वं आत्या? मले एका शब्दानं लिहिलं नाही. मी इकडे संत्र्याच्या गोष्टी लिहून राहिलो.

तुले ऐकू येत नाही. दिसणं पण गेलं तर मी पत्र कोणाले लिहू? अन् तुले कोण काय सांगन, हातावर बोटानं लिहून?

ऑपरेशन मोठं नाही म्हणतात. ताईकडे राहा आठ-पंधरा दिवस. वरच्या खोलीत ऊन येते, मी पाहिली आहे, मागच्या वर्षी तिच्याकडे कूलर उतरवाले गेलो होतो.

पानावर ओळ टाकणं जमलं नाही. आत जाले पासवर्ड लागते, तो दादाजवळच. मी तुझं नाव, मामाजीचं नाव, ढवळ्या बैलाचं नाव, सारं टाकून पाहिलं. नाही उघडलं.

तारीख पुन्हा घे. माझ्यासाठी घे.

पियूष


खैरटोला
७ जानेवारी २०२५

पियूष,

कामिनीनं तुले सांगितलं ते बरं नाही केलं.

मी घाबरत नाही डोळ्याले. माझ्या मायनं पण शेवटी हातानं चाचपत स्वयंपाक केला, अन् वरणात कधी मीठ चुकलं नाही. पण मी पंधरा दिवस हुडकेश्वरले गेली अन् इकडे लाईन गेली, तर बटन कोण दाबन? शेजारची रंभाबाई म्हणते मी दाबीन. तिचा नातू पडला तर ती उचलाले विसरते.

सुशील पान उघडन अन् उत्तर येणार नाही. त्याले वाटन, पुन्हा बंद केलं. एक डाव बापानं केलं, आता मायनं पण केलं. मंग तो विचारणंच सोडून देईन. एवढ्या दिवसानं पोरगं दारापर्यंत आलं आहे, अन् मी डोळे दुरुस्त कराले जाऊ? त्या डोळ्यानं मंग मी पाहू काय?

मले एका डोळ्यानं अजून दिवा दिसते. तेवढं बस झालं.

तू येऊन बस म्हणून मी म्हणत नाही. तू येत नाहीस हे मले माहीत आहे. रागानं नाही म्हणत. तुझा पाय तसाच आहे, लहानपणी पण दुकानात पाठवलं की तू नदीवरून परत येत होता.

आत्या


खापरी, नागपूर
१६ जानेवारी

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फाडत नाही, जसं आलं तसं लिहितो.

आज सकाळी यादीत एका शाळेची साइट लाल झाली. मी इंजिनिअरले फोन लावला, तर तो म्हणाला, मशीन चालू आहे, तू झोपेत आहेस का? मी पण पाहिलं, मशीन जागीच होती, उत्तर देत होती. मी गार्गी मॅडमले म्हणलं, "मॅडम, यादी खोटं बोलून राहिली. मशीन जागी आहे अन् इथं लाल."

मॅडम म्हणाल्या, "मशीन जागी असून काय उपयोग, पान उघडत नाही ना? माणूस जागा असतो पण बोलत नाही, असं होतं की नाही? म्हणून आपण नुसतं मशीनला विचारतच नाही. आपली यादी दर वेळी आत जाऊन पान उघडून पाहते. उघडलं तरच हिरवं. तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं असन. पहिल्या दिवशी मी खिडकीतून विमान पाहत होतो.

आत्या, माझी यादी पान उघडते. थोड्या थोड्या वेळानं, दिवसा अन् रात्री, न चुकता. तू लिहिलं होतं, न चुकता. मी कधी त्या शब्दावर थांबलोच नाही. माणूस न चुकता काहीच करत नाही, दादा पण नाही. अन् दिवा माझं पत्र यायच्या आधी लागला, कारण पत्र पोस्टात पडून होतं अन् यादी त्याच दिवशी सुरू झाली होती.

तो दिवा मी लावत होतो. दादा नाही.

खात्रीसाठी मी आता यादीतून ते नाव काढून टाकलं आहे. आता दिवा लागणार नाही. लागला तर मी खोटा, अन् देवाची शपथ, मले खोटं पडायचं आहे.

तू त्याच्यासाठी डोळे घालवू नको. तो विचारत नव्हता आत्या.

पियूष


खैरटोला
१९ जानेवारी

पियूष,

हे पत्र भेटल्याबरोबर कामिनीले फोन कर अन् तिले म्हण पोलिसात जा.

दिवा बंद झाला. गुरुवारी सकाळी लागला होता, मंग नाही. लाईन होती. यंत्र गरम होतं, मी हात लावून पाहिला. बटन पुन्हा दाबलं. दिवाच फुटला असन म्हणून रंभाबाईच्या पोराले बोलावलं, त्यानं त्याच्या मोबाइलमध्ये ते पान उघडलं, तर दिवा लागला. म्हणजे दिवा चांगला आहे, यंत्र चांगलं आहे. विचारणाराच नाही.

एवढे दिवस चुकला नाही, अन् एकदमच कसा थांबन? त्याले काही झालं आहे. कुठं पडला असन. कोणत्या गावात, कोणत्या दवाखान्यात, त्याच्याजवळ कोणी आहे का नाही. सुरतेचं म्हणणारा तो आपल्या गावचा जितेंद्र होता, त्याले विचारा. पुण्याचं कोण म्हणालं होतं आठवत नाही, आठवून कळवते.

मी खाटेवर बसूनच आहे. डोळा मिटला अन् तेवढ्यात लागून गेला तर, म्हणून मिटत नाही.

लवकर कर.

आत्या


खापरी, नागपूर
२४ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र अन् माझं पत्र वाटेत एकमेकाच्या बाजूनं निघून गेले. माझं आता भेटलं असन. नसन भेटलं तर पुन्हा लिहितो. दिवा मी विझवला. यादीतून नाव काढलं म्हणून विझला. दादाले काही झालं म्हणून नाही. म्हणजे त्याले काही झालं का नाही, हे मले माहीत नाही. पहिले पण माहीत नव्हतं, आता पण नाही. एवढंच खरं आहे.

पत्र पोचाच्या आधी दिवा बंद होईन अन् तू तिथं एकटी पाहत बसशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझं पत्र वाचलं अन् सुट्टी मागून निघालो. कुहीच्या गाडीत बसलो, तिकीट काढलं. मधातच पाचगावले उतरलो. समोर उभं राहून काय बोलू? तुले ऐकू येणार नाही, माझं तोंड पण तुले धड दिसणार नाही. मी नुसता दारात उभा, अन् एका क्षणासाठी तुले वाटन की सुशील आला. त्या क्षणाले मी भेलो आत्या. रस्ता ओलांडून परतीच्या गाडीत बसलो.

मले शिव्या दे, पण लिही.

पियूष


खैरटोला
५ फेब्रुवारी

बाबू पियूष,

तुझे दोन्ही पत्रं एकाच बाजाराले भेटले. रंभाबाईच्या सुनेचं भिंग आणलं अन् एक एक अक्षर करत वाचले. एक ओळ वाचाले एवढा वेळ लागे की पुढं काय आहे ते समजून पण थांबता येत नव्हतं.

काही दिवस मी कोठीत गेली नाही. खाट ओसरीत आणली. लाईन गेली, आली, यंत्राचं बटन दाबलं नाही. तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होती. पण होता. तू एखाद्या वेळी तरी मॅडमचं नीट ऐकलं असतं तर मी दोन महिने भिंतीले "जेवला का" म्हणून विचारलं नसतं. पोरगा माझ्याशी बोलते म्हणून मी गावात मान वर करून चालत होती गा. कोणाले सांगितलं नव्हतं, पण चालत होती.

मंग एक दिवस वाल सोलत बसली होती, तर मनात आलं. सुशीलनं विचारलं नाही. ते खरं. त्याचं दुःख आहे ते आहे, ते वेगळं ठेवलं. पण कोणी तरी विचारतच होतं ना? दिवा तर लागलाच होता. मी ज्याले "उठला का" म्हणत होती तो खापरीत बसून खरंच मले विचारत होता, आहेस का? त्याले स्वतःले माहीत नव्हतं, एवढंच. अन् मी पण त्याच्याच जागी दुसऱ्याले पाहत होती. तुझ्या बापाले मी पत्र टाकायले पाहिजे होतं, पोराले फोन कर म्हणून. तुझं पत्र वाचलं अन् ताडपत्रीचंच डोक्यात ठेवलं, तुझी ती ओळ सोडून देली. अशी मी विचारणारी.

पाचगावावरून परत गेला ते मले सर्वात जास्त लागलं. तुले पाहून मले सुशील आला असं वाटलं असतं, हे तू बरोबर ओळखलं. वाटलं असतं. मंग नाही आहे हे पण समजलं असतं. तरी घरात घेतलंच असतं ना रे.

आता कामाचं ऐक.

कामिनीनं तारीख घेतली आहे. पंधरा तारखेच्या शनिवारी मी कुहीवरून नागपूरच्या सकाळच्या गाडीत बसते. कामिनीले सांगितलं, तू घरीच थांब, मले स्टँडवरून पियूष आणीन. ती कानाजवळ येऊन म्हणाली, आई, तो येणार नाही. मी म्हणलं, पाहू.

मी आज पुन्हा यंत्र चालू केलं आहे. तुझ्या यादीत ते नाव पुन्हा टाक. इकडे दिवा लागला की मी समजीन, पत्र भेटलं. अन् आता त्याले मी सुशील म्हणणार नाही, नावानं पियूषच म्हणीन.

शनिवारी निघताना मी माझ्या हातानं बटन बंद करीन. तुझ्या मामाजीनं बंद केलं तर पोरगा घर सोडून गेला, म्हणून मी त्या बटनाले आजवर भीत आली. या वेळी बंद करून मीच जाऊन राहिली. सुशीलनं त्याच दिवशी पान उघडलं अन् उत्तर नाही भेटलं, तर त्याले वाटन तसं वाटो. मी परत आल्यावर पुन्हा लावीन. तेवढी वाट त्यानं पण पाहावी.

तुझ्या पडद्यावर नाव लाल होईन. इंजिनिअरले फोन करू नको. लाल झालं म्हणजे काही बिघडलं नाही, आत्या निघाली. तू पण निघजो. वाटेत विमान दिसो, संत्र्याचा टेम्पो दिसो, थांबू नको.

स्टँडवरची पाटी मले वाचता येणार नाही, अन् तू गर्दीतून हाक मारली तर ऐकू येणार नाही. म्हणून मी उतरणार नाही. शेवटचा माणूस उतरला तरी माझ्या जागेवरच बसून राहीन. तू गाडीत चढ, अन् माझा हात धर.

आत्या